पुढची खुर्ची, मागची रांग

विमानातल्या महागड्या खुर्चीबद्दल प्रवासी काय बोलतात, हे आपण कशाला ऐकायचं? आपण तर शेवटून तिसऱ्या रांगेत, मधल्या सीटवर बसणारी माणसं! पण पडद्याच्या पुढे जे चाललंय त्याचा हिशेब पडद्याच्या मागेही लागतो. म्हणून थोडं डोकावून बघू या.

खुर्ची मागे झाली नाही. एवढंच झालं होतं.

२३ मे २०२३ ची रात्र. तेलंगणातले एक वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि त्यांच्या पत्नी हैदराबादहून सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाले होते. तिकीट सिंगापूर एअरलाइन्सचं, बिझनेस क्लासचं. बटण दाबलं की खुर्ची आपोआप मागे व्हायला हवी होती, ती झालीच नाही. दोघांनी रात्र जागून काढली. कंपनीने भरपाई म्हणून मैलांचे पॉइंट देऊ केले. ते त्यांनी नाकारले आणि हैदराबादच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे धाव घेतली. कंपनीचं म्हणणं होतं की बिघाड फक्त बटणात होता, खुर्ची हाताने मागे करता येत होती. २०२४ मध्ये आयोगाने निकाल दिला : दोघांना प्रत्येकी ४८,७५० रुपये १२ टक्के व्याजाने परत करा, शिवाय त्रासापोटी एक लाख रुपये आणि खटल्याचा खर्च द्या.

ही बातमी कॉलेजच्या कट्ट्यावर वाचली तर दोन प्रतिक्रिया हमखास येतील. पहिली, "खुर्ची मागे झाली नाही म्हणून लाख रुपये? काय नखरे आहेत!" आणि दुसरी, "पैसे घेतलेत ना, मग खुर्ची द्या की नीट!" गंमत म्हणजे दोन्ही प्रतिक्रियांमध्ये दम आहे. आणि सध्या विमान कंपन्यांचं सगळं गणित नेमकं या दोन वाक्यांच्या मधे येऊन उभं आहे.

फर्स्ट क्लासचा पास नेमका कशाचा?

विमान बाजूला ठेवा, आपल्या लोकलचं बघा. फर्स्ट क्लासचा पास काढणाऱ्याला विचारा, की बाबा, एवढे जास्तीचे पैसे कशाचे देतोस? गादी जरा जाड असते हे खरं, पण सकाळी सव्वाआठच्या फास्टला ती गादी मिळते कुणाला? तो पैसे देतो ते कमी गर्दीचे. म्हणजे खुर्चीचे नाही, खुर्चीभोवतीच्या जागेचे. एसटीच्या लालपरीतून शिवनेरीत बसलं, की फरक आधी गुडघ्यांना कळतो, मग पाठीला. वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्ह डब्यातली फिरणारी खुर्ची बघायला मजा येते, पण खरा फरक पडतो तो एका रांगेत पाचऐवजी चारच माणसं असल्याचा.

विमानातही तसंच आहे. प्रीमियम केबिन म्हणजे जागेची विक्री. मात्र तिथे एक इंचसुद्धा फुकट नसतो, कारण विमानाची नळी लांबीरुंदीने ठरलेली असते. पुढच्या माणसाचे पाय पसरले, तर ती जागा कुठून तरी आलेली असते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

इंडिगोलाही पडदा लावावासा वाटला

आता बातमीकडे. ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेली इंडिगो अठरा वर्षं एकाच मंत्रावर चालली : सगळ्यांना एकच वर्ग, खायचं असेल तर विकत घ्या. या कंपनीने १४ नोव्हेंबर २०२४ ला दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाचा बिझनेस वर्ग सुरू केला. ए३२१ विमानात पुढे तीन रांगा, एकूण बारा खुर्च्या, मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. दोन रांगांमधलं अंतर ३८ इंच, खुर्चीची रुंदी २१.३ इंच, पाठ मागे जाते पाच इंच. सुरुवातीचं भाडं १८,०१८ रुपये. साध्या वर्गात रांगांमधलं अंतर साधारण २८ ते ३० इंच असतं, म्हणजे आठ-दहा इंचांचा फरक. तुमच्या लॅपटॉपची रुंदी आठवा, बस तेवढाच.

त्याच आठवड्यात, १२ नोव्हेंबरला, विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. भारतात साध्या माणसालाही "एकदा तरी प्रीमियम इकॉनॉमीत बसून बघू" असं वाटायला लावणारी कंपनी म्हणजे विस्तारा, तिचं नाव पुसलं गेलं. आणि एअर इंडिया? टाटांनी ती २७ जानेवारी २०२२ ला परत घेतली तेव्हा विमानं जुनी आणि खुर्च्या थकलेल्या होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने मोठ्या विमानांच्या आतल्या नूतनीकरणासाठी ४० कोटी डॉलर जाहीर केले. २७ बोइंग ७८७-८ आणि १३ बोइंग ७७७ यांच्या खुर्च्या बदलायच्या असं ठरलं. प्रत्यक्षात पहिलं ७८७-८ या कामासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला रवाना झालं ते जुलै २०२५ मध्ये. म्हणजे मधे अडीच वर्षं गेली. इतका वेळ का लागला, तेही पुढे बघू.

सगळ्यांनाच अचानक पुढच्या केबिनचं प्रेम का आलं? कारण पैसा तिथे आहे. 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांपैकी जेमतेम ६ टक्के बिझनेस किंवा फर्स्टमध्ये बसले. पण या मूठभर लोकांकडून मिळणारा पैसा त्यांच्या संख्येच्या कितीतरी पट असतो. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने तर आपली प्रीमियम तिकिटांची कमाई लवकरच साध्या केबिनच्या कमाईला मागे टाकेल, असं २०२५ मध्ये गुंतवणूकदारांना सांगून टाकलं. आधी सुट्टीला जाणारी मंडळी स्वस्त तिकीट शोधायची आणि ऑफिसच्या खर्चाने जाणारे पुढे बसायचे. करोनानंतर स्वतःच्या खिशातून पैसे टाकून पुढे बसणारे वाढले. कुणी आईबाबांच्या गुडघ्यांसाठी, कुणी हनिमूनसाठी, तर कुणी कार्डावरचे पॉइंट साठवून.

आणि स्वतःच्या खिशातून पैसे गेले, की माणूस बोलतो. भरपूर बोलतो.

लोक नेमकं काय बोलतात?

या मतांचा ढीग वाचला की सुरुवातीला गोंधळ उडतो. एकाच विमानातल्या एकाच केबिनला एक जण 'स्वर्ग' म्हणतो आणि दुसरा 'शवपेटी'. पण जरा चाळणी लावली, तर तक्रारी फिरून फिरून चार-पाच जागीच येतात.

पहिली जागा, झोप. दोन तासांच्या प्रवासात खुर्ची मागे होणारी असली तरी पुरते. मुंबई-लंडनसारख्या नऊ-दहा तासांच्या प्रवासात लोकांना पाठ टेकायला नाही, आडवं व्हायला हवं असतं. इथे एक जुनं लबाडीचं प्रकरण आहे. पूर्वी अनेक कंपन्या 'आडवी होणारी खुर्ची' म्हणून जी द्यायच्या ती सरळ तर व्हायची, पण तिरकी राहायची. घसरगुंडीवर झोपल्यासारखं. माणूस झोपला की हळूहळू पायांकडे सरकायचा आणि रात्रभर स्वतःला वर ओढत बसायचा. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट पलंग पहिल्यांदा आणला तो ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. मात्र तेवढ्या जागेत बसवण्यासाठी त्यांनी एक खुर्ची पुढे तोंड करून आणि शेजारची मागे तोंड करून लावली. परिणाम काय, तर विमान सुटताना अनोळखी माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचं! वर खिडकीजवळच्याला बाथरूमला जायचं तर झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. वीस वर्षं लोकांनी त्याबद्दल कुरकुर केली आणि तरीही तिकिटं घेतली, कारण झोप मिळत होती.

दुसरी जागा, पाय. नवीन खुर्च्या एकमेकींना खेटून, एकाआड एक रचलेल्या असतात. तुम्ही आडवे झालात की तुमचे पाय पुढच्या प्रवाशाच्या बाजूच्या टेबलाखालच्या कोनाड्यात जातात. हा कोनाडा किती अरुंद, यावर अख्ख्या रात्रीचं भवितव्य ठरतं. कुशीवर झोपणाऱ्याला पाय वळवता येत नाहीत. म्हणून सराईत प्रवासी केबिनमधली पहिली रांग पकडतात. तिथे पुढे खुर्ची नसल्यामुळे हा कोनाडा बऱ्याचदा ऐसपैस असतो. भाडं तेच, केबिन तीच, फक्त रांग वेगळी आणि मत एकदम उलटं.

तिसरी जागा, गादी. "एवढे पैसे देऊनही पाठ दुखली" हे वाक्य फार ठिकाणी सापडतं. त्यामागे कारण आहे. त्याच गादीने जेवताना खुर्ची व्हायचं, रात्री पलंग व्हायचं, आग लागली तर लवकर पेटायचं नाही आणि वजनही कमी ठेवायचं. घरातल्या गादीला यातलं एकच काम असतं. त्यात आडवं झाल्यावर खुर्चीचे दोन भाग जिथे जुळतात तो सांधा नेमका कमरेखाली येतो. म्हणून काही कंपन्या वरून पातळ गादी अंथरायला देतात. ज्यांनी ती मागून घेतली ते खूश, ज्यांना ती असते हेच माहीत नव्हतं ते नाराज.

चौथी जागा, आडोसा. २०१७ मध्ये कतार एअरवेजने 'क्यूस्वीट' आणला, बिझनेसच्या खुर्चीला सरकतं दार आलं आणि तेव्हापासून दार हा मानाचा मुद्दा झाला. पण मतं वाचली की कळतं, दाराची हौस पहिल्या तासात फिटते. त्यानंतर लोक बोलतात ते फोन ठेवायला जागा आहे का, चार्जर कुठे आहे, पाण्याची बाटली कुठे ठेवू, याबद्दल.

पाचवी जागा म्हणजे आपली सुरुवातीची गोष्ट : बिघाड. इथे मात्र सगळ्यांचं एकमत. साधी खुर्ची मिळाली असती तर चाललं असतं, पण भारी खुर्ची मिळून ती बंद पडलेली असणं कुणालाच सहन होत नाही. या खुर्च्यांमध्ये छोट्या छोट्या मोटरी असतात, वायरी असतात, पडदा असतो. जितके भाग जास्त, तितक्या बिघडायच्या जागा जास्त. आणि खुर्चीचं मॉडेलच बंद झालं असेल तर सुटा भाग आणायचा कुठून? एअर इंडियाच्या जुन्या विमानांची रड मुख्यतः हीच होती.

'प्रीमियम' हा शब्द तपासून घ्या

आता एक गंमत बघा. एअर इंडियाच्या ए३५० विमानात प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ खुर्च्या आहेत, रांगेत दोन-चार-दोन, रांगांमधलं अंतर ३८ इंच. त्याच कंपनीच्या नूतनीकरण झालेल्या ए३२० मध्येही प्रीमियम इकॉनॉमीच्या २४च खुर्च्या. पण तिथे त्या रांगेत तीन-तीन, म्हणजे मागच्या साध्या वर्गासारख्याच, आणि अंतर ३२ इंच. नाव एकच, वस्तू दोन. पहिलीत बसलेला म्हणतो "पैसे वसूल", दुसरीत बसलेला म्हणतो "फसवलं". दोघंही खरं बोलतायत.

इंडिगोच्या 'स्ट्रेच'चंही असंच. देशातल्या ए३२१ मध्ये ती बारा खुर्च्यांची केबिन आहे. जुलै २०२५ पासून मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टरला जी भाड्याने घेतलेली बोइंग ७८७ विमानं उडू लागली, त्यांच्यातल्या पुढच्या ५६ खुर्च्यांनाही 'स्ट्रेच' हेच नाव आहे. दिल्लीच्या दोन तासांत भारी वाटलेली, सपाट न होणारी खुर्ची युरोपच्या लांब प्रवासात तशीच वाटेल का? नावावरून तिकीट काढलं की अपेक्षा आपल्या डोक्यात आणि वास्तव विमानात, असं होतं.

सरकारच्या लेखी मात्र हे सगळं एकाच टोपलीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्केच राहिला, पण बाकी सगळ्या वर्गांवर तो १२ वरून १८ टक्के झाला. 'बाकी सगळ्या'मध्ये प्रीमियम इकॉनॉमीही आली. म्हणजे २० हजारांच्या भाड्यावर आधी २,४०० रुपये कर होता, आता ३,६००. चार इंच जास्त मिळवणारा आणि दार लावून सपाट झोपणारा, दोघंही कराच्या एकाच रांगेत उभे.

मत कुणाचं, हे आधी बघा

तुम्ही रोज कुणाचं तरी मत वाचून मोबाइल घेता, हॉटेल निवडता, कॉलेजसुद्धा निवडता. त्यामुळे हा भाग फक्त विमानाचा नाही. एखादं मत वाचताना चार प्रश्न विचारायची सवय लावा.

पैसे कुणी दिले? कंपनीच्या खर्चाने जाणारा, पॉइंट वापरून जाणारा, स्वतःचे अडीच लाख घालणारा आणि आमंत्रणावरून फुकट गेलेला इन्फ्लुएन्सर, यांना खुर्ची एकच मिळते पण टोचते वेगवेगळी. फुकट अपग्रेड मिळालेला माणूस मोडक्या पडद्याकडे बघून हसतो. ईएमआय भरणारा हसत नाही.

विमान कोणतं? "अमक्या कंपनीची सीट भंगार" या वाक्याला अर्धाच अर्थ असतो. एकाच कंपनीकडे नवी-जुनी विमानं एकाच वेळी उडत असतात, कधी कधी एकाच मार्गावरसुद्धा. एअर इंडियाचं ए३५० आणि जुनं ७८७ यांचे अनुभव एकत्र करून सरासरी काढली तर हाती येणारा आकडा कुठल्याच विमानाचा नसतो.

शरीर कुणाचं? सहा फूट दोन इंचांच्या माणसाला अपुरी वाटणारी खुर्ची पाच फुटांच्या बाईला वेगळाच त्रास देते. पाय जमिनीला टेकत नाहीत, उशीचा फुगवटा मानेऐवजी डोक्याला ढकलतो. बऱ्याच खुर्च्या परदेशी मापांवर बेतलेल्या असतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीरांच्या मापांचं पुस्तक १९९७ मध्येच काढलं होतं. डिझाइन किंवा मेकॅनिकल करणाऱ्यांनो, हा विषय तुमची वाट बघतोय.

आणि चौथा प्रश्न, हे लिहिलं का? ठीकठाक प्रवास झालेला माणूस घरी जाऊन झोपतो. लिहितो तो भारावलेला किंवा भडकलेला. त्यामुळे मतांच्या ढिगात दोन टोकं उंच दिसतात आणि मधला मोठा, गप्प बसलेला वर्ग दिसतच नाही. म्हणून एका मतावर जाऊ नका, पन्नास मतांमध्ये परत परत येणारी तक्रार शोधा. 'सेवा वाईट होती' यापेक्षा 'अमुक रांगेत पायाची जागा अरुंद आहे' हे वाक्य जास्त कामाचं.

बदला ना मग, उशीर कशाला?

तक्रारी इतक्या स्पष्ट आहेत तर कंपन्या खुर्च्या बदलून का टाकत नाहीत? कारण विमानाची खुर्ची हे फर्निचर नाही, ते सुरक्षेचं यंत्र आहे. विकायच्या आधी तिची चाचणी होते. पुतळा बसवून तिला पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या १६ पट धक्का देतात. खुर्ची उखडता कामा नये, बसलेल्याचं डोकं जीवघेण्या जोराने कशावर आदळता कामा नये. आता पुढे टीव्हीचा पडदा, बाजूला लाकडी कड, त्यात सरकतं दार. प्रत्येक नवी सोय म्हणजे डोकं आपटायची एक नवी जागा आणि अडकायचा एक नवा मार्ग. म्हणूनच ही दारं उड्डाण करताना आणि उतरताना उघडीच ठेवावी लागतात. जून २०२५ मध्ये अहमदाबादला झालेल्या भीषण अपघातानंतर तर, खुर्चीचं पहिलं काम आराम देणं नसून माणूस वाचवणं आहे, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

ही मंजुरी किती अडवून धरते याचा नमुना जर्मनीत दिसला. लुफ्तान्साने २०२५ मध्ये नवी कोरी बोइंग ७८७-९ विमानं वापरात आणली. त्यात बिझनेसच्या २८ खुर्च्या होत्या, पण सुरुवातीला प्रवाशांना बसता यायचं फक्त चारांवर. उरलेल्या चोवीस खुर्च्यांना मंजुरी मिळालेली नव्हती, म्हणून त्या रिकाम्या उडत होत्या! त्यात या खुर्च्या बनवणारे कारखाने जगात मोजकेच. फ्रान्सची साफ्रां, अमेरिकेची कॉलिन्स, जर्मनीची रेकारो अशी थोडी नावं. करोनात माणसं कमी केली, नंतर सगळ्या कंपन्यांनी एकदम ऑर्डरी दिल्या आणि रांग लागली. एअर इंडियाची अडीच वर्षं अशी गेली.

आता पडद्याच्या मागे या

सुरुवातीचं ते वाक्य आठवतंय? पुढच्या माणसाचे पाय पसरले तर जागा कुठून तरी आलेली असते.

बोइंग ७८७ आखलं जात होतं तेव्हा साध्या वर्गात एका रांगेत आठ खुर्च्यांची आरामशीर रचना दाखवली गेली होती. बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवल्या. आठवर ठाम राहिलेल्या मोजक्या कंपन्यांपैकी एक म्हणजे जपान एअरलाइन्स. ७७७ मध्येही अनेकांनी नवाच्या दहा केल्या. अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये कायदा करून हवाई सुरक्षा यंत्रणेला, म्हणजे एफएएला, खुर्चीचं किमान माप ठरवायला सांगितलं. २०२२ मध्ये एफएएने लोकांची मतं मागवली तेव्हा २६ हजारांहून जास्त लोकांनी लिहून पाठवलं. लक्षात घ्या, ही मतं पाय कोनाड्यात मावत नाहीत म्हणणाऱ्यांची नव्हती. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात, शेजाऱ्याचा खांदा लागतो, असं सांगणारी ती माणसं होती. पहिल्या गटाच्या मतांवर काही वर्षांत नवं मॉडेल येतं. दुसऱ्या गटाच्या मतांवर समिती बसते.

पर्यावरणाचाही हिशेब मांडा. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासाने जागेच्या प्रमाणात गणित केलं, तेव्हा बिझनेस क्लासच्या प्रवाशाचा कार्बनचा वाटा साध्या प्रवाशाच्या साधारण तिप्पट निघाला, फर्स्टचा तर नऊपटीपर्यंत. एक माणूस आडवा झोपतो तेव्हा दोन-तीन माणसांची जागा तेवढंच इंधन जाळत जाते.

पण लगेच पुढच्या रांगेला शिव्या घालायची घाई नको. पुढच्या तिकिटांचा पैसा मागच्या तिकिटांना काही अंशी आधार देतो, हेही खरं आहे. सकाळच्या दिल्ली विमानात पुढच्या बारा खुर्च्या भरल्या, तर कंपनीला मागची शेवटची तिकिटं स्वस्तात सोडणं परवडू शकतं. शिवाय पुढे बसलेली प्रत्येक व्यक्ती उद्योगपती नसते. पाठीच्या ऑपरेशननंतर मुलीकडे निघालेली आजी असते, पहिल्यांदा विमानात बसणारे आणि मुलाने हट्टाने पुढचं तिकीट काढून दिलेले बाबा असतात. आराम ही चैन कुठे संपते आणि गरज कुठे सुरू होते, याची रेघ प्रत्येक शरीरागणिक वेगळी असते.

प्रश्न एवढाच की या रेघेचा निर्णय फक्त खिशावर सोडायचा का? पुढे आराम विकायला हरकत नाही. पण मागची खुर्ची मुद्दाम इतकी अवघड करायची की माणूस वैतागून पुढचं तिकीट काढेल, हा धंदा झाला की हरकत घ्यायला हवी. मागच्या खुर्चीला किमान माप असणं ही सवलत नाही, अपघातात नव्वद सेकंदांत बाहेर पडता यावं याची ती खात्री आहे. आपल्याकडे वेळेबद्दल, रद्द झालेल्या विमानांबद्दल आपण भांडतो. इंचांबद्दल अजून कुणी नीट भांडलेलं नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण येत्या वर्षा-दोन वर्षांत शिकायला बाहेर जाल, कर्जाच्या पैशातून तिकीट काढाल आणि दहा तास त्या इंचांमध्ये बसाल. तुमचं मत कुणी मागेल याची वाट कशाला बघायची?

त्या हैदराबादच्या दांपत्याकडे पद होतं, ओळख होती, हे मान्य. पण त्यांनी वापरलेला दरवाजा तुमच्याआमच्यासाठीही उघडा आहे. त्यांनी आयोगाला सांगितलं ते फार साधं होतं : जे विकलंत ते दिलं नाहीत. हे वाक्य पहिल्या रांगेतून जितकं खरं आहे, तितकंच शेवटच्या रांगेतूनही.

तिकीट काढताना आणि नंतर

* वर्गाच्या नावावर जाऊ नका. बुकिंग करताना विमानाचा प्रकार बघा आणि त्याचा सीट मॅप उघडा. रांगेत किती खुर्च्या आहेत हे मोजलं की अर्धं उत्तर मिळतं.

* 'अपग्रेडसाठी बोली लावा' असा मेल आला तर आधी प्रवास किती तासांचा आणि खुर्ची सपाट होते का, ते तपासा. दोन तासांच्या दिवसाच्या प्रवासासाठी फार पैसे घालवण्यात अर्थ नाही.

* खुर्ची बिघडलेली निघाली तर विमानातच कर्मचाऱ्यांना सांगा, नोंद करायला लावा, फोटो किंवा व्हिडिओ काढा. उतरल्यावर आठवडाभराने लिहिलेल्या तक्रारीला वजन कमी असतं.

* वरच्या वर्गाचं तिकीट असून जबरदस्तीने खालच्या वर्गात बसवलं, तर डीजीसीएच्या फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. परदेश प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के.

* कंपनीने दाद दिली नाही तर 'एअरसेवा' पोर्टल आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.